सुनेच्या माहेरचं ऊन

अकोल्याच्या माणसाला उन्हाबद्दल कोणी काही शिकवू लागलं की आधी हसू येतं. मे महिन्यात आमची दुपार खिडकीतल्या कूलरसमोर जाते, बाहेर पडलोच तर डोक्याला दुपट्टा आणि खिशात कांदा असतो, आणि पोट बिघडलं की 'ऊन लागलं' एवढं निदान सगळ्यांना पुरतं. त्यामुळे माझी सून मृणाल म्हणाली की, उन्हाचा आतड्यांवर काय परिणाम होतो ते तपासायला मी मालवणला चाललेय, तुम्हीही चला, तेव्हा मी तिला म्हटलं, एवढ्या लांब कशाला जातेस बाई, आमच्या गल्लीत ये.

ती हसली नाही. कामाच्या गोष्टीत ती फारशी हसत नाही. तिला कोरडं ऊन नको होतं, दमट हवं होतं. घाम येतो पण वाळत नाही, अंग निवतच नाही, अशा हवेत उघड्यावर राबणारी माणसं हवी होती आणि ती तिच्यावर विश्वास ठेवणारी हवी होती. अशी माणसं तिच्या माहेरी होती. किनाऱ्यावर मासळी सुकवणाऱ्या बायका, ज्यांच्या अंगाखांद्यावर ती वाढली.

मृणाल पुण्याच्या एका प्रयोगशाळेत संशोधन करते. मी निवृत्त भूगोलशिक्षिका. कोकण किनारपट्टी मी वर्षानुवर्षं फळ्यावर काढली, पण सुनेच्या माहेरी राहायला कधी गेले नव्हते. लग्न पुण्यात झालं आणि विहीणबाईंची भेट मांडवातल्या गडबडीपुरतीच झाली होती. तेव्हा हे बरं निमित्त मिळालं. आमच्या ह्यांनी 'मासे खाऊन पोट बिघडवून येऊ नकोस' असा आशीर्वाद दिला आणि आम्ही निघालो.

कसाल

हमरस्ता सोडून मालवणकडे वळायचं ते कसालला. तिथे गाडी थांबवून मृणालने मला बाजारातली एक जागा दाखवली. एका दुकानाच्या पायरीखालची, गोणपाट अंथरता येईल एवढी. तिचे वडील लवकर गेले. त्यानंतर तिची आई, सुलभाताई, बाजाराच्या दिवशी सुक्या मासळीची पाटी घेऊन याच जागी बसायची, आणि त्यावर मृणाल शिकली. हे तिने कुठलाही गहिवर न आणता सांगितलं आणि मग कोकम चांगलं कुठे मिळतं ते विचारायला निघून गेली. मी मात्र त्या पायरीकडे बघत उभी राहिले. लग्नाआधी आम्ही मुलीची माहिती काढली होती, त्यात ही पायरी कोणी सांगितली नव्हती. सांगितली असती तर हुरळून जाऊन दुसऱ्याच दिवशी होकार कळवला असता.

वाडी

मालवणच्या उत्तरेला, खाडी आणि समुद्र यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीवर ही वाडी आहे. माडांखाली कौलारू घर, पुढे सारवलेलं खळं, म्हणजे अंगण, आणि त्यावर माडाच्या झापांचा मांडव. घामाने चिंब होऊन मी त्या मांडवात पाऊल ठेवलं आणि सुलभाताई आतून आल्या त्या हातात पाण्याचा तांब्या आणि बशीत गुळाचा खडा घेऊनच.

"येवा, बसा विहीणबाई. आधी गूळ खावा, मगे पाणी," त्या म्हणाल्या.

आमच्याकडेही गूळ-पाणी होतं पूर्वी. आता चहा आला, आणि चहासुद्धा 'घेणार का' असं विचारून येतो. सुलभाताई विचारत नाहीत. त्यांच्या दारी उन्हातून कोणीही येवो, पोस्टमन असो की नारळ पाडणारा, नाव विचारायच्या आधी त्याच्या हातावर गूळ पडतो. पहिल्याच दिवशी मी हे इतक्या वेळा पाहिलं की शेवटी मोजणं सोडून दिलं.

माझ्या उन्हाळी शहाणपणाची मात्र तिथे पार फजिती झाली. मी ओला दुपट्टा डोक्याला गुंडाळून बसले, तर तो संध्याकाळपर्यंत तसाच ओला राहिला आणि डोकं शेकत राहिलं. कूलर का नाही घेत, असं विचारलं तर मायलेकी एकमेकींकडे बघून गालात हसल्या. दमट हवेत पाण्याचा कूलर नुसता आणखी दमटपणा फेकतो. बाष्पीभवनाचा धडा मी आयुष्यभर शिकवला आणि माझ्याच डोक्यावरचा दुपट्टा मला कळला नाही.

जेवायला उकड्या तांदळाची पेज, सुक्या जवळ्याची चटणी, फणसाची भाजी. भाकरी-ठेच्यावर वाढलेल्या मला पेज म्हणजे आजारी माणसाचं खाणं वाटायचं. दोन वाट्या प्यायल्यावर मत बदललं. उन्हाच्या दिवसांत पेज पोटाला जड होत नाही आणि पाणी, मीठ, भात सगळं एकदम देऊन जाते. रात्री बांगड्याचं तिखलं, म्हणजे माशाचं झणझणीत कालवण होतं, त्याबद्दल मी ह्यांना फोनवर काही सांगितलं नाही.

किनारा

मृणालचं काम मी आधी तिच्याकडून नीट समजून घेतलं. शिक्षिकेला न समजता बसवत नाही. आतड्याच्या आतल्या बाजूला पेशींची एकच रांग असते, एकेरी. या शेजारणी एकमेकींना काही प्रथिनांनी घट्ट धरून असतात. त्यामुळे अन्नरस आत येतो, पण आतड्यातले जंतू आणि त्यांचं विष बाहेरच राहतं. अंग फार तापलं की शरीर रक्त कातडीकडे पाठवतं, घाम काढून निवण्यासाठी, आणि आतड्याच्या वाट्याचं रक्त कमी होतं. मग या पेशी होरपळतात, त्यांची पकड सैल होते, नको ते रक्तात झिरपतं. मळमळ, कळा, चक्कर, कधी त्याहून वाईट. पण पेशीही गप्प बसत नाहीत. त्या उष्णतेच्या माऱ्यात खास प्रथिनं बनवतात, जी बाकीच्या प्रथिनांना विस्कटू देत नाहीत, सावरून धरतात. रोज थोडं थोडं ऊन सोसणाऱ्या माणसात ही राखणदार प्रथिनं आधीपासून तयार असतात, असं दिसतं. मग आयुष्य वाळूवर काढलेल्या या बायकांची आतडी उन्हात टिकतात की तीही सैल पडतात, हा मृणालचा प्रश्न.

तपासाची रीत ऐकून मी थक्क झाले. रात्रीपासून उपास करायचा आणि सकाळी दोन साखरांचं पाणी प्यायचं. एका साखरेचे कण बारीक, ते कोणाच्याही आतड्यातून रक्तात जातात. दुसरीचे मोठे, ते भिंत घट्ट असेल तर जवळजवळ जातच नाहीत. मग काही तास लघवी गोळा करायची आणि तिच्यात दोन्ही साखरा किती ते प्रयोगशाळेत मोजायचं. मोठी साखर जास्त सापडली तर भिंत सैल पडली. तेवढा वेळ पोटात दुसरं काही जाता कामा नये, नाहीतर सगळा हिशोब चुकतो. बायकांची एक तपासणी घरी बसून, निवांत दिवशी झाली होती. आता दुसरी करायची होती ती उन्हात मासळी पसरून, उलटून झाल्यावर. पाणी प्यायला मुभा होती, आणि आरोग्य केंद्रातली एक परिचारिका थर्मामीटर घेऊन बरोबर राहणार होती आणि राखणदार प्रथिनं मोजायला थोडं रक्तही घेणार होती. आकाशात एव्हाना ढगांची ये-जा सुरू झाली होती. एकदा का पाऊस आला आणि मासेमारी बंद झाली की वाळू रिकामी होणार आणि तपासणी पुढच्या वर्षावर जाणार. प्रयोगशाळेने तिला दिलेली मुदत तोवर थांबणार नव्हती.

आदल्या संध्याकाळी मृणालने आईला बजावलं, उद्या बायका खळ्यात येऊन बसतील, त्यांना पाण्याशिवाय काही देऊ नकोस. जेवताना पुन्हा बजावलं. सुलभाताईंनी मान डोलावली.

सकाळी बायका वाळूवर उतरल्या. त्यांची पुढारीण जनीआक्का, वयाने माझ्याएवढी पण कमरेत माझ्यासारखी मोडलेली नाही. मलाही एक काम मिळालं, कावळे हाकण्याचं. ते मी छत्रीखाली बसून निष्ठेने करत होते, असं मला वाटत होतं. जनीआक्का येऊन माझ्या मागची बाजू दाखवून गेली तेव्हा कळलं की कावळे पाठीमागून मेजवानी करत होते. ऊन चढलं तशी वाळू पाय ठेवू देईना. हवा अंगाला चिकटून बसल्यासारखी. अकोल्याचं ऊन चटका देतं, पण सावलीत गेलं की सोडतं. हे सावलीतही सोडत नव्हतं.

काम आटोपून बायका खळ्यात गेल्या, साखरेचं पाणी प्यायल्या. बाटल्या थंड ठेवायला आणलेला बर्फ वितळू लागला म्हणून मृणाल स्कूटरवरून बर्फाच्या कारखान्याकडे गेली. परिचारिका मागच्या दारी नोंदी करत बसली होती आणि मी अजून कावळ्यांशी झुंजत होते. मी घरी पोचले तेव्हा मृणालही तेवढ्यात आली होती. मांडवाखाली बायका ओळीने टेकल्या होत्या, प्रत्येकीच्या गालात गुळाचा खडा होता, आणि मधोमध सुलभाताई रिकामी बशी घेऊन उभ्या.

कोणालाच काही वाटलं नव्हतं. उन्हातून माणसं आली, घरातल्या बाईने गूळ दिला, माणसांनी घेतला. दोन्हीकडचे हात सवयीने चालले. मृणालचा चेहरा पाहिला तेव्हाच बायकांच्या जबड्यांची हालचाल थांबली.

सुलभाताईंनी बशी पाठीमागे नेली. "गुळाचो खडो तो. तेना काय होतला?" त्या हळूच म्हणाल्या.

खरं सांगते, माझ्याही मनात तेच आलं. एवढ्याशा गुळाने काय बिघडणार, आणि बिघडलं तरी पुण्यात बसून कोणाला कळणार. परिचारिकेला कळलं नव्हतं. मृणालने बर्फ खाली ठेवला. तोवर गोळा झालेल्या बाटल्या एकेक उचलून, झाकणं काढून, मागच्या माडाच्या आळ्यात ओतून आली. मग हात धुऊन सगळ्यांसमोर उभी राहिली.

"आजचा काम फुकट गेला. चूक माझी. मी आयेक सांगूक नाय," ती म्हणाली.

मी दोनदा ऐकलं होतं तिला सांगताना. सुलभाताईंनीही ऐकलं होतं. त्या आत गेल्या आणि दुपारी जेवायला बसल्या नाहीत. माझ्या पोरीने असं केलं असतं तर मी तिला उचलून घेतलं असतं. ही माझी सून होती, म्हणून नुसती तिच्या पाठीवरून हात फिरवला.

धामापूर

दुसऱ्या दिवशी आभाळ भरून आलं. घरात मायलेकींमध्ये शब्द नव्हता, म्हणून मृणाल मला धामापूरला घेऊन गेली. जुनं तळं, काठावर भगवतीचं देऊळ, पाण्यापर्यंत उतरलेली झाडी. आमच्याकडे मे महिन्यात तळं म्हणजे भेगाळलेली माती. इथे काठोकाठ नसलं तरी पाणी हिरवंगार आणि गार. मी पायरीवर बसून पाय सोडले, आणि एक चप्पल सुटून निवांत तळ्यात निघाली. देवळातल्या गुरवांनी काठीने ती परत आणून दिली आणि देवीला काहीतरी सांगितलं, बहुधा माझ्याबद्दलच.

मी मृणालला म्हटलं, बायकांना परत एकदा विचार. तिने मान हलवली. ती म्हणाली, उपाशीपोटी त्या उन्हात उभं राहणं त्यांच्यासाठी काय आहे ते मला मोजता येतं म्हणून तर मी हे काम करते. एकदा मागितलं ते कामासाठी. दुसऱ्यांदा मागायचं ते आमच्या घरातल्या चुकीसाठी. ते मी मागणार नाही. आईचा गूळ असाच लोकांच्या हातावर पडत आलाय म्हणून मी मोठी झाले, असंही ती म्हणाली. आम्हाला कोणी उपाशी ठेवलं नाही, कारण आई कोणाला तसंच परत पाठवत नव्हती.

मी तिची मुदत, तिचं पुढचं पद, सगळं आठवून दिलं. तिला ते माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. येताना गाडीत मी मनातल्या मनात विहीणबाईंवर चिडले होते, हेही सांगून टाकते.

खळं

घरी आलो तर मांडवात सगळ्या बायका जमलेल्या. सुलभाताईंनी बोलावल्या होत्या. जनीआक्का आधीच मान हलवत होती. तिचं म्हणणं सरळ होतं, काल घरी जाईपर्यंत डोळ्यांपुढे अंधारी आली होती.

"पुन्ना उपाशी? माका जमाचा नाय," ती म्हणाली, आणि बाकीच्यांनीही मान डोलावली.

सुलभाताई खांबाला धरून उभ्या होत्या. पदर खोचलेला, नजर कोणाकडेच नाही. माझ्यासारख्या पाहुण्या विहिणीसमोर, ज्या घराचा मान त्या जिवापाड जपत आल्या होत्या, त्या घराच्या अंगणात त्या बोलल्या.

"मृणालान सांगल्यान ता खोटा. तिना माका दोनदा सांगलेला. गूळ मीया दिलंय. उनातसून इलेल्या माणसाक तसाच बसवक माका जमाक नाय. ह्या वक्ताक मी पण तुमच्यावांगडा उपाशी मासळी वाळवतलंय."

मृणाल पुढे झाली. कोणी यायलाच हवं असं नाही, आणि जिला डोळ्यांपुढे अंधारी आली तिला तर मी घेणारच नाही, असं तिने स्पष्ट सांगितलं. जनीआक्काला हे आवडलं नाही. 'नको' तिने म्हणणं वेगळं आणि तिला 'नको' म्हणणं वेगळं. ती परिचारिकेकडे गेली, हात पुढे केला आणि आपला रक्तदाब तपासायला लावला. तो चांगला निघाला. मग ती मृणालकडे वळून म्हणाली की सुलभा वाळूवर उतरणार असेल तर तिच्या टोपलीला खांदा कोण देणार, मीच. एकेक करत सगळ्या तयार झाल्या. मृणालने अट घातली की वाळूवरचा वेळ आधी ठरला होता तेवढाच, आणि कोणाच्याही अंगाचा ताप एका मर्यादेपलीकडे गेला की तिने तिथेच थांबायचं.

त्यानंतर आम्ही सगळे आभाळाकडे बघत बसलो. ऊन पडावं म्हणून मी आयुष्यात पहिल्यांदा देवाला हात जोडले. अकोल्यात हे सांगितलं तर लोक मला वेड्यात काढतील.

ऊन पडलं. सुलभाताई बऱ्याच वर्षांनी वाळूवर उतरल्या होत्या, पण मासळी उलटणारे त्यांचे हात जनीआक्काच्या हातांबरोबर चालत होते. मीही त्या दिवशी उपास केला, कोणी सांगितलं नसताना, आणि कावळे चारही बाजूंनी हाकले. एकीला मधेच फार गरगरलं, तिला मृणालने तिथून उठवून सावलीत नेलं, मीठ-साखरेचं पाणी पाजलं आणि नोंदीतून वगळलं. तिने कितीही विनवलं तरी मृणाल ऐकली नाही.

मग खळं, साखरेचं पाणी, बाटल्या, बर्फ. तपासणी अर्ध्यावर असताना मृणालचे काका कुडाळहून घामाघूम होऊन आले. सुलभाताई उठल्या, तांब्याभर पाणी घेऊन आल्या आणि त्यांच्यासमोर ठेवलं. काकांनी पाण्याकडे पाहिलं, रिकाम्या बशीकडे पाहिलं, वहिनी आजारी आहे का असा चेहरा केला. सुलभाताईंनी बशी उचलून आत नेली, त्या दिवशी ती उपाशी बायकांसमोर फिरणार नव्हती. त्या बाईला ते किती जड गेलं असेल, हे तिच्या दारात राहून आलेल्यालाच कळेल.

शेवटची बाटली पेटीत गेल्यावर मृणालने स्वतः सगळ्यांना पेज वाढली. मी तीन वाट्या प्यायले.

अकोला

मी परत आले, पाऊस आला, मृणाल पुण्यात नमुन्यांमागे लागली. निकाल कळला तो मला सुलभाताईंकडून. मृणालने आधी आईला फोन केला होता, आणि ते तसंच व्हायला हवं होतं.

विहीणबाईंचा आवाज आनंदाने भरून वाहत होता. आमच्या बायकांची आतडी उनात सैल पडतत, मृणालक तिच्या प्रश्नाचा उत्तर गावला, असं त्यांनी मला सांगितलं, आणि कोणी परीक्षेत पहिलं आल्याची बातमी द्यावी तशी प्रत्येकीची आतडी नावानिशी सांगितली. जनीआक्काची सगळ्यात कमी सैल पडली होती आणि ती वाडीभर ते सांगत फिरत होती. मृणालचं स्वतःचं म्हणणं फार मोजकं होतं. माणसं थोडी आहेत, यावरून फार बोलू नये. सरावाने राखणदार प्रथिनं वाढलेली दिसतात, पण तीही भर दुपारच्या उन्हाला पुरी पडत नाहीत. तेवढ्यावरून वाडीने आपलं ठरवलं, की पुढच्या हंगामात पेज खाल्ल्याशिवाय कोणी वाळूवर जायचं नाही आणि दुपारी मासळी एकटीच वाळेल.

मग सुलभाताईंनी आणखी एक गोष्ट सांगितली. मृणालने अहवाल लिहायला घेतला होता आणि त्यात एका दिवसाचे नमुने का टाकून दिले ते लिहिणं भाग होतं. ते वाक्य तिने फोनवर आईला वाचून दाखवलं होतं. संशोधिकेच्या घरी सहभागींना गूळ देण्यात आल्यामुळे ते नमुने वगळले, असं. तुला नको असेल तर शब्द बदलते, पण वगळल्याचं मात्र लिहावंच लागेल, असं तिने म्हटलं होतं.

मी विचारलं, मग तुम्ही काय म्हणालात?

"मी सांगलंय, लिव गो. आणि कोणी दिल्यान ताय लिव. माझा नाव घाल," सुलभाताई म्हणाल्या.